प्रतिभाषण व्यवस्था, प्रक्षेपणातील

नभोवाणी वा दूरचित्रवाणी केंद्रापासून दूर असलेल्या वार्ताहराला, समालोचकाला किंवा पाहुण्याला चालू कार्यक्रम ऐकू यावा आणि श्रोत्यांना न कळता संचालकाला त्याच्याशी बोलता यावे, यासाठी उभारलेल्या परतीच्या ध्वनिमार्गाला प्रतिभाषण व्यवस्था म्हणतात. व्यवसायात ती ‘टॉकबॅक’ या नावानेच ओळखली जाते. दूरच्या माणसाचा आवाज केंद्राकडे आणणाऱ्या मार्गाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परतीच्या मार्गाकडे मात्र इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक तो माणूस कार्यक्रमात सहभागी होतो, की नेमून दिलेला मजकूर वाचून मोकळा होतो, हे या दुसऱ्या मार्गावरच अवलंबून असते.

प्रारंभीच्या काळात केंद्राबाहेरील प्रक्षेपणाला परतीच्या मार्गाची निकड भासत नसे. १५ जानेवारी १९२७ रोजी ट्विकनम येथील इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचे समालोचन बीबीसीने प्रक्षेपित केले, तेव्हा समालोचक टेडी वेकलम यांच्यासमोर तोंडून शिवी जाऊ न देण्याची सूचना देणारा फलक लावलेला होता. मैदानावर माणूस एकच आणि बोलणे एकतर्फी असल्याने एवढे पुरत असे. अनेक ठिकाणचे वक्ते एकाच कार्यक्रमात एकामागून एक आणावयाचे ठरल्यावर अडचण उभी राहिली. जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर १३ मार्च १९३८ रोजी अमेरिकेच्या सीबीएस या संस्थेने लंडन, पॅरिस, बर्लिन व व्हिएन्ना येथील वार्ताहरांना अर्ध्या तासाच्या एकाच कार्यक्रमात आणले. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट ट्राउट, लंडनमध्ये विल्यम शायरर आणि व्हिएन्नात एडवर्ड मरो होते. रोमहून प्रक्षेपणाची सोय न झाल्याने तेथील वृत्तांत लंडनला कळवून शायरर यांनी तो वाचला. लंडनमध्ये शायरर यांना न्यूयॉर्कचा आवाज हेडफोनमधून ऐकू येत होता, त्यामुळे आपली पाळी त्यांना कानाने कळली. लघुतरंगांवरील असा दुवा वातावरणाच्या लहरीवर चाले. म्हणून परतीचा आवाज न आल्यास घड्याळ पाहून ठरल्या सेकंदाला बोलू लागायचे, ही त्या काळची रीत होती. तीत एक वक्ता लांबला, की पुढच्याचे पहिले वाक्य वाया जाई. आणि पुढच्याला ते कळण्याचा मार्ग नसे.

प्रश्नाचे मूळ दूरध्वनीच्या रचनेत आहे. साध्या दूरध्वनीत दोन तारांच्या एकाच जोडीवरून दोन्ही दिशांचे बोलणे जाते. या दिशा वेगळ्या करण्यासाठी संकर-रोहित्र (हायब्रिड) वापरतात. त्यात तारेच्या विद्युत् गुणधर्मांशी जुळणारे एक संतुलक मंडल असते. जुळणी तंतोतंत झाली, तरच जाणारा आवाज येणाऱ्या बाजूस गळत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक तारेची लांबी व गुणधर्म भिन्न असल्याने थोडी गळती राहतेच. गळलेला आवाज विवर्धकातून फिरून पुन्हा तारेवर गेला व दर फेरीला वाढत राहिला, की कर्कश शिट्टी सुरू होते. यावरील खात्रीचा उपाय म्हणजे जाण्यासाठी एक व येण्यासाठी दुसरी अशा दोन स्वतंत्र जोड्या वापरणे. लांब पल्ल्याच्या दूरध्वनीत रूढ असलेली ही ‘चार-तारी’ पद्धत प्रक्षेपकांनी उचलली आणि आज प्रत्यक्षात एकही तार नसली, तरी स्वतंत्र येण्याजाण्याच्या दुव्याला ते ‘फोर-वायर’च म्हणतात.

शिट्टी थांबली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. दूरच्या माणसाला केंद्राचा अंतिम मिश्रित ध्वनी जसाच्या तसा पाठविला, तर त्यात त्याचा स्वतःचा आवाजही असतो. शहरातल्या शहरात तो तत्काळ परत येत असल्याने फारसा बाधत नाही. पण भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सु. ३५,७८६ किमी. उंचीवर असतो [⟶ उपग्रह, कृत्रिम]. तेथवर जाऊन परत येण्यास ध्वनिसंकेताला सु. पाव सेकंद लागतो, आणि दोन्ही दिशा उपग्रहावरून असल्यास बोललेला शब्द सु. अर्ध्या सेकंदाने स्वतःच्या कानी पडतो. असा उशिरा येणारा स्वतःचाच आवाज बोलणाऱ्याची जीभ अडखळवितो, हे बर्नार्ड ली या अमेरिकन संशोधकांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले होते. पाचव्या हिश्श्याच्या सेकंदाइतक्या विलंबाचा परिणाम सर्वांत तीव्र असतो. धडधाकट माणूस तोतरा बोलू लागतो, शब्द ओढतो किंवा गप्प होतो. प्रेक्षकाला तो गोंधळलेला वाटतो. दोष त्याच्या कानात काय पाठविले जात आहे याचा असतो, हे प्रेक्षकाला कळण्याचे कारण नसते. परक्या देशातून बोलणाऱ्या कितीतरी वार्ताहरांची योग्यता अशा रीतीने फुकट गेली असेल.

दूरध्वनी क्षेत्राने यावर प्रतिध्वनी-निरसक हे साधन शोधले. येणाऱ्या आवाजावरून प्रतिध्वनीचे अनुमान करून ते वजा करण्याची व तारेनुसार स्वतःला जुळवून घेण्याची ही युक्ती बेल प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात विकसित झाली. तिच्या जनकांत भारतीय वंशाचे मनमोहन सोंधी हे प्रमुख होत. प्रक्षेपकांचा मार्ग अधिक सरळ होता : ज्याचा त्याचा आवाज वगळून उरलेला कार्यक्रम त्याला पाठवायचा. याला ब्रिटनमध्ये ‘क्लीन फीड’, अमेरिकेत ‘मिक्स-मायनस’ आणि युरोपात ‘एन उणे एक’ म्हणतात. तत्त्व सोपे, पण हिशेब महागाचा आहे. पुणे, नागपूर व पणजी येथून तीन वक्ते घेतले, तर पुण्याच्या वक्त्याला नागपूर, पणजी व निवेदक. नागपूरच्याला पुणे, पणजी व निवेदक, अशी तीन निराळी मिश्रणे लागतात. जुन्या मिश्रण-फलकांवर सहायक निर्गम मोजकेच असत. एक कळ चुकीची दाबली गेली, की कोणाच्या तरी कानात त्याचाच आवाज घुमे. म्हणून कार्यक्रमापूर्वी प्रत्येक वक्त्याशी स्वतंत्र बोलून, त्याला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येतो का हे विचारणे, ही तंत्रज्ञाची पहिली जबाबदारी ठरली.

याच मार्गावर संचालकाचा आवाजही घातला जातो. संचालकाने कळ दाबली, की कार्यक्रमाचा ध्वनी मंद होतो किंवा तुटतो आणि सूचना ऐकू येते. कळ सोडल्यावर कार्यक्रम पूर्ववत होतो. ‘आयएफबी’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही खंडनीय व्यवस्था वेळ सांभाळण्यासाठी निघाली, पण तिने वृत्तव्यवसायातील अधिकाराची घडीही बदलली. घटनास्थळी उभा असलेला वार्ताहर बोलत असतानाच हजारो किमी. दूर बसलेला माणूस त्याला थांबवू शकतो, विषय बदलावयास लावू शकतो, पुढचा प्रश्न सुचवू शकतो. खोटी ठरलेली बातमी तत्काळ सुधारण्यासाठी हे हवेच. परंतु पडद्यावरील निरीक्षण नेमके कोणाचे, हा प्रश्नही तेथेच निर्माण होतो. यात लाभ अधिक आहे, असे म्हणता येईल. मात्र ज्याच्या कानात परतीचा मार्ग नाही, त्याला धोक्याचा इशाराही देता येत नाही.

परतीच्या मार्गाचे मोल सामान्य प्रेक्षकालाही जाणवावे, असे प्रसंग थोडे आहेत. एप्रिल १९८४ मध्ये सॅल्यूत-७ या अवकाशस्थानकातील राकेश शर्मा यांच्याशी पंतप्रधान इंदिरा गांधी बोलल्या व दूरदर्शनने ते संभाषण दाखविले. प्रश्नाला उत्तर आले, म्हणूनच तो प्रसंग लोकांच्या स्मरणात राहिला. त्याहून बोधप्रद उदाहरण बगदादचे आहे. १७ जानेवारी १९९१ च्या पहाटे बॉम्बवर्षाव सुरू झाला, तेव्हा अल-रशीद हॉटेलातील बर्नार्ड शॉ, जॉन हॉलिमन व पीटर आर्नेट हे सीएनएनचे वार्ताहर अटलांटाशी बोलत राहिले. इतर संस्थांचे वार्ताहर शहराच्या दूरध्वनी केंद्रावर विसंबून होते व त्यांचे दुवे लवकरच तुटले. सीएनएनने अमानमार्गे जाणारी कायम चार-तारी जोडणी इराकी अधिकाऱ्यांकडून आधीच मिळविली होती. ती नगर-केंद्राच्या स्विचांतून जात नव्हती. त्या रात्री चित्र नव्हते, केवळ आवाज होता. तरीही निवेदक विचारत होता आणि खिडकीपाशी असलेले वार्ताहर उत्तर देत होते. त्या वार्तांकनाची कीर्ती उपग्रह-वृत्तवाहिनीची म्हणून झाली. तिचा पाया मात्र दूरध्वनीच्या जुन्या तंत्राचा होता.

दरम्यान केंद्रांतर्गत संपर्कयंत्रणाही बदलत होती. एकाच तारेवर सर्वांचे बोलणे घेणाऱ्या ‘पार्टी-लाइन’ संचांच्या जागी १९८० व १९९० च्या दशकांत अंकीय मॅट्रिक्स आली. तीत कोणाही दोघांना जोडणे वा कोणालाही वगळणे हे तारांऐवजी आज्ञावलीचे काम झाले आणि प्रत्येक वक्त्यासाठी स्वतंत्र मिश्रण सहजसाध्य ठरले. १९८८ च्या जी.७२२ या मानकाने अंकीय दूरध्वनी जोडणीवरून ७ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी दोन्ही दिशांनी नेण्याची सोय केली. पुढे त्या जोडण्या अनेक देशांत बंद होऊ लागल्या व त्यांची जागा इंटरनेटने घेतली. त्यासाठी बनलेले ओपस हे ध्वनिसंकेतन २०१२ मध्ये मानक झाले.

इंटरनेटने तारेचा खर्च वाचविला, पण विलंब परत आणला. ध्वनीचे तुकडे अनियमित अंतराने पोहोचत असल्याने ग्राहक-संचाला ते काही काळ साठवून ठेवावे लागतात. साठा लहान केला तर आवाज तुटतो, मोठा केला तर संभाषण अडखळते. २०२० च्या महासाथीत मंत्री, डॉक्टर, प्राध्यापक असे असंख्य वक्ते घरून बोलू लागले. अनेकांजवळ इअरफोन नव्हता. संगणकाच्या ध्वनिक्षेपकातून आलेला निवेदकाचा आवाज त्यांच्याच मायक्रोफोनमध्ये शिरे व केंद्राकडे परते. अशा वेळी केंद्रातील मिश्रण कितीही शुद्ध असले, तरी उपयोग होत नसे. तंत्रज्ञांना कार्यक्रमापूर्वी दूरध्वनी करून वक्त्याला इअरफोन लावावयास, दुसऱ्या खोलीतील दूरचित्रवाणी संच बंद करावयास आणि प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर द्यावयास सांगावे लागे.