ओल लागलेले दप्तर

दिवाळीच्या आधी घर झाडून-पुसून काढावे, मोडके-तोडके बाहेर टाकावे, ही आपली जुनी रीत. देशावर हे काम दोन दिवसांत उरकते. कोकणात तसे होत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो. तो अंगणात पडतो तेवढाच घरातही मुरतो. दसऱ्यानंतर उन्हे कोवळी झाली, की कोकणी माणूस प्रथम ही ओल बाहेर काढायला निघतो.

गणपतीपुळ्याच्या शेजारचे मालगुंड हे आमचे गाव. केशवसुतांचे जन्मगाव म्हणून मराठी वाचक ते ओळखतात. तिथले आमचे घर जांभ्या चिऱ्याचे, कौलारू, मागे माड आणि फणस. घराच्या भिंतींवर काळी बुरशी चढली, माजघरात पाऊल टाकताच घसा धरू लागला, तेव्हा आम्ही भावंडांनी ते रिकामे करायचे ठरवले.

चांगले नांदते घर असे कुजते का? माझ्या मते त्याचे उत्तर चुलीत आहे. जुन्या घरात चूल दोन्ही वेळा पेटे. धूर माळ्यावर चढे, कौलांच्या फटींतून बाहेर जाई, आणि जाता जाता वासे, कणग्या, बासने सुकवीत जाई. मातीच्या भिंती ओल घेत आणि सोडतही. पुढे घरचे कर्ते पुरुष पोटासाठी मुंबईला गेले, मागोमाग बिऱ्हाडेही गेली. घर गणपती-शिमग्यापुरते उघडू लागले. मग कोणीतरी हौसेने मातीचा गिलावा काढून सिमेंटचा दिला, आणि चिऱ्यातल्या ओलीची वाटच बंद झाली. चूल विझली, दारे मिटली. बुरशीला याहून दुसरे काय हवे?

सामानाची निवड करायला बसलो, तेव्हा बरेचसे प्रश्न आपोआप सुटले. तांब्या-पितळेला चिंच आणि राख लावली, की ते पुन्हा उजळते. काच आणि चिनी माती धुऊन निघते. फणसाच्या फळ्यांची पेटी, पाट, देव्हारा पुसून वाऱ्यावर ठेवले, ते सुकले. गाद्या-उशांची मात्र आशा सोडली. कापसात आत शिरलेली बुरशी वरून झटकून जात नाही. इथवर कोणाचे दुमत नव्हते.

वाद झाला तो दप्तरावरून. माळ्यावरच्या एका बासनात मोडी कागद, देण्याघेण्याच्या वह्या, आजीला आलेली पोस्टकार्डे, जुनी पंचांगे असा ऐवज होता. त्यावर करडी-हिरवी लव चढली होती. थोरले बंधू म्हणाले, "बंबात घाला." धाकटीला दमा; बासन सोडताच तिला उबळ आली. तिचा त्रास खरा होता, आणि बंधूंची काळजीही खरी होती.

अशा काळजीचाही एक इतिहास आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा रोगाच्या संशयावरून घरे उघडली गेली, आणि रोगाबरोबर लोकांचे सामानही जाळले गेले. भीतीच्या घाईत विष कोणते आणि ठेवा कोणता, हे निवडायला उसंत नसते. केशवसुत गेले ते याच रोगाने, १९०५ साली हुबळीस. आणि थोड्याच दिवसांत त्यांची पत्नीही गेली. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही कवितासंग्रह निघाला नव्हता. तो निघाला १९१७ साली, हरि नारायण आपट्यांच्या हातून. मधली बारा वर्षे मराठी कवितेचे एक युग मासिकांच्या जुन्या अंकांच्या आणि कोणीतरी जपलेल्या कागदांच्या आधारावर जगले. आज मालगुंडास त्यांचे स्मारक आहे, ते १९९४ साली उभे राहिले. पण त्याचा खरा पाया कागदाचा आहे.

राजवाड्यांचेही तेच. त्यांनी गावोगाव फिरून लोकांच्या वाड्यांतली दप्तरे धुंडाळली आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतच्या मोहिमेची पत्रे अशीच कोणाच्या तरी घरी धूळ खात होती. ती आधीच कोणी बंबात घातली असती, तर?

ओल्या कागदाचे करायचे काय, हेही जगाने शिकून ठेवले आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत आर्नो नदीने फ्लॉरेन्स शहर बुडवले, तेव्हा देशोदेशीची तरुण मुले चिखलातून ग्रंथ उपसायला धावली. पानापानांत टिपकागद घातले गेले, तंबाखू सुकवण्याच्या भट्ट्यांतही पुस्तके वाळवली गेली. इतक्या दूर जायला नको. आमच्याच जिल्ह्यात चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे, १८६४ सालचे. २००५ च्या जुलैत आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पुराचे पाणी त्यात शिरले, ग्रंथांचा चिखल झाला. दोन्ही वेळा लोकांनी ते पुन्हा उभे केले.

आम्हीही हेच शहाणपण उसने घेतले. धाकटीला त्या दिवसांत घरापासून दूर ठेवले. बाकीच्यांनी नाकातोंडावर घट्ट मुखपट्ट्या आणि हातांत मोजे चढवले. बासन घरात न सोडता मांगरात सोडले, कारण बुरशीची पूड हवेबरोबर पसरते. ओली बुरशी पुसायला गेले की ती कागदात आणखी भिनते. म्हणून कागद आधी सावलीत, टिपकागदांमध्ये सुकवले. कडक ऊन टाळले, त्याने शाई फिकी पडते. पुरते सुकल्यावर मऊ कुंचल्याने, वारा आपल्याकडून पलीकडे जाईल असे बसून, लव झाडली. प्रत्येक कागदाची छबी घेतली, म्हणजे मूळ प्रत पुन्हा पुन्हा हाताळायला नको. पंचांगे आणि वाळवीने जाळी केलेल्या वह्या टाकल्या. सगळेच राखायचे म्हटले, की काहीच राखले जात नाही.

उरले ते एका पत्र्याच्या पेटीभर. पेटी आता बंधूंच्याच घरी आहे, कोरड्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर. घरमालकी ठरवणारे किंवा पैसे देणारे त्यात काही निघालेले नाही. पोस्टकार्डांत कोणाचे बाळंतपण, कोणाची नोकरी, तांदळाचा भाव, आगबोट चुकल्याची हकीकत, एवढेच आहे. धाकटी आता त्यांच्या छब्या वाचते आणि फोन करून मला विचारते, हा अमुक कोण, ती तमुक कुठली. मोडी मात्र आम्हां भावंडांपैकी कोणालाच येत नाही. बंधूंची नात ती शिकते आहे. तिला अजून 'श्री'च्या पुढे जाता आलेले नाही, पण कागद थांबायला तयार आहेत.