कुंचला आणि शिळाछाप

मुंबईत चित्रकलेची शाळा निघाली त्याच्या पंचवीसेक वर्षे आधी छपाईची कला इथल्या एका माणसाने कामावर राहून आपलीशी केली होती. गणपत कृष्णाजी हे त्यांचे नाव. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात त्यांनी शिळाछपाई पाहिली, हाताखाली केली आणि मग स्वतःसाठी लाकडी दाबयंत्र घडवले. कोणता दगड चालेल, शाई कशी घोटायची, हे त्यांनी एकेक प्रयोग करत ठरवले. १८३१ साली त्यांनी मराठीतले पहिले छापील पंचांग काढले. शिळाछपाईची शाई स्निग्ध असावी लागते. धार्मिक पोथ्या छापताना लोकांच्या मनात चरबीची शंका येऊ नये म्हणून त्यांनी शाईत तूप वापरले. शाळा नाही, अभ्यासक्रम नाही, गुरू म्हणावा असा कोणी नाही. तरीही पश्चिम भारतातल्या मुद्रणकलेच्या शिक्षणाची गोष्ट इथूनच सुरू करायला हवी.

शिळाछाप म्हणजे तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभी राहिलेली युक्ती. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस सेनेफेल्डरने ती शोधली. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, दगड ओला करायचा आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या भागावर शाई धरत नाही, तेलकट रेषेवर धरते. कागद दाबला की चित्र उमटते, पण उलटे. म्हणून काढणाऱ्याला सगळे आधीच उलटे काढावे लागते. चित्र रंगीत असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि प्रत्येक वेळी कागद अचूक त्याच जागी बसवावा लागतो. चित्रकाराला एका नजरेत दिसणारा चेहऱ्याचा उजेड इथे पिवळा, तांबडा, निळा असा सुटा करून पाहावा लागतो. हे पाहणे वर्गात सांगून येत नाही. ते दगडापाशी उभे राहूनच येते.

सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले ते १८५३ साली. २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले. इथल्या कारागिरांचा हात सुधारावा, त्यांनी चांगले नमुने काढावेत, हा मूळ हेतू होता. पद्धत मात्र लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेची: प्लास्टरच्या साच्यांवरून रेखाटन, पुन्हा रेखाटन आणि नंतर रंग. १८६५ साली तीन शिक्षक विलायतेहून आले. जॉन ग्रिफिथ्स चित्रकलेसाठी, जॉन लॉकवूड किपलिंग इमारतींवरील शिल्पकामासाठी आणि हिगिन्स लोखंडी नक्षीकामासाठी. त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला किपलिंगच्या घरी मुंबईत मुलगा झाला. रडयार्ड किपलिंग तो हाच.

या तिघांच्या येण्याने शाळेने कूस बदलली. मुंबईत तेव्हा तटबंदी पाडून नवे शहर उभे राहत होते आणि मोठमोठ्या इमारतींवर कोरीव काम हवे होते. ते काम शाळेने घेतले. क्रॉफर्ड मार्केटवरची उठावशिल्पे किपलिंगची आहेत. पुढे १८७८ ते १८८८ या काळात एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार व्हिक्टोरिया टर्मिनस बांधले गेले, तेव्हा दगडावरची पाने, पशुपक्षी आणि लोखंडी जाळ्या यांच्या सजावटीत ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. आजही लाखो लोक त्या स्थानकातून रोज जातात. त्यांच्या डोक्यावरची कमळे आणि माकडे घडवणाऱ्या हातांना तेव्हा विद्यार्थी म्हणत होते, हे त्यांना सांगणारी पाटी मोठ्या अक्षरांत लावायला हवी.

पण चित्रकलेच्या विद्यार्थ्यांची खरी कार्यशाळा मुंबईबाहेर होती.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आधी मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे राबून केल्या होत्या. १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. मग सरकारने ते काम ग्रिफिथ्स यांच्याकडे सोपवले. १८७२ पासून हिवाळ्याच्या हंगामात ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जात. अंधाऱ्या गुहा, पोपडे निघालेल्या भिंती, वर उडणारी वटवाघळे. आणि समोर प्लास्टरच्या साच्याऐवजी हात, डोळे, केस, दागिने यांनी भरलेली हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची रेषा. युरोपीय पद्धतीने तेलरंग वापरायला शिकलेली ही मुले भारतीय रेषेच्या शाळेत इथे बसली. ग्रिफिथ्सचेही मत इथे पक्के झाले: या चित्रकारांपासून भारतातल्या विद्यार्थ्याने शिकले पाहिजे. या कामाला एक डागही आहे. चित्रे नीट दिसावीत म्हणून भिंतींवर व्हार्निश चढवण्यात आले आणि ते पुढे पिवळे, काळपट पडले. प्रतिकृतींचे नशीबही गिलच्या चित्रांसारखेच निघाले. साउथ केन्सिंग्टनला ठेवलेल्या कॅनव्हासांपैकी बरेच १८८५ च्या आगीत गेले. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये निघाला.

त्या तुकडीतला सर्वांत गाजलेला विद्यार्थी पेस्तनजी बोमनजी. अजिंठ्याच्या भिंतीसमोर कित्येक हंगाम काढलेला हा चित्रकार पुढे पारशी घरांतले संथ, उबदार आयुष्य तैलरंगांत रंगवू लागला. त्याच्या चित्रांतली स्थिर बसलेली माणसे पाहताना अजिंठ्याचा तो काळ आठवल्याशिवाय राहत नाही.

शाळेत चित्र आणि बाहेर छपाई, असे दोन प्रवाह मात्र अजून वेगळे वाहत होते. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये ‘चित्रशाळा’ हा छापखाना काढला आणि तिथून रामपंचायतन, नाना फडणवीस अशी रंगीत चित्रे घरोघरी गेली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. जर्मन यंत्रे, जर्मन तंत्रज्ञ, आणि पहिला मोठा छाप शकुंतलेच्या जन्माचा. प्लेगने मुंबई हादरली तेव्हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवावा लागला, पुढे कर्ज वाढले आणि तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर लावणाऱ्या घरांना हा व्यवहार कळलाही नाही.

हे दोन्ही प्रवाह एकाच माणसात मिळाले. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके १८८५ मध्ये जमशेटजी जीजीभाईंच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या याच कलाशाळेत, म्हणजे जे. जे. त, दाखल झाले आणि तिथून बडोद्याला गेले. तिथले महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनाचे प्रमुख त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्राचे माणूस. रंग, कापड, छायाचित्र, ठसे या सगळ्यांमागचे शास्त्र विद्यार्थ्याने हाताने शिकावे, हा त्यांचा आग्रह. चित्रकला शिकलेल्या फाळक्यांना त्यांनी छायाचित्रणाची प्रयोगशाळा हाताळायला दिली. त्रिरंगी ठसे आणि फोटोलिथोचे, म्हणजे छायाचित्रावरून केलेल्या शिळाछपाईचे, धडे घ्यायला फाळके रतलामला जाऊन राहिले. आजच्या विद्यापीठात ज्याला कार्यप्रशिक्षण म्हणतात, ते याहून वेगळे नाही. पुढे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार, मग रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचे काम, मग १९०८ मध्ये लोणावळ्याला स्वतःचा छापखाना आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी जर्मनी. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ कोरोनेशन थिएटरात लागला, तेव्हा त्यामागे ही अठ्ठावीस वर्षांची उमेदवारी उभी होती. फाळक्यांना केवळ चित्रपटाचे जनक म्हटले की या शिक्षणाचा मोठा भाग पडद्याआड राहतो.

जे. जे. त राहून बाहेरची कामे करणाऱ्यांत महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव अग्रणी. कोल्हापूरहून १८९० मध्ये ते विद्यार्थी म्हणून आले, तिथेच शिक्षक झाले, आणि त्या सहवासावर त्यांनी ‘कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे’ हे पुस्तक लिहिले. एडवर्ड्सच्या मुंबईवरच्या आणि रॉथफेल्डच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकातली चित्रे, पोस्टकार्डे, भित्तिपत्रके. छापखान्याला हवे ते चित्र त्यांच्या हातून भराभर उतरत असे.

१९३५ मध्ये जे. जे. त उपयोजित कलेचा विभाग निघाला. जाहिरात आणि छपाईच्या धंद्यासाठी हा निर्णय फार उपकारक होता. पण त्यामुळे चित्रकाराचा वर्ग आणि कामाचा बाजार यांच्यात भिंतही उभी राहिली. ‘पोटासाठीचे’ आणि ‘मनाचे’ असे कलेचे दोन भाग करण्याची सवय आपल्याकडे तेव्हापासून घट्ट झाली, असे म्हणायला जागा आहे. बडोद्याने ती भिंत थोडी सैल केली. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये ललित कला विभाग उघडला. तिथे चित्रकलेला विद्यापीठाची पदवी मिळू लागली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवत. के. जी. सुब्रमण्यन १९५१ मध्ये तिथे शिकवायला आले, १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळाचे काम पाहून परतले. पहिल्या तुकड्यांतले ज्योती भट्ट पुढे न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये मुद्राचित्रण शिकले आणि बडोद्याच्या विद्यार्थ्यांना त्यांनी ते दिले. १९६१ पासून तिथे कलामेळा भरू लागला: विद्यार्थी आणि शिक्षकांनी मिळून खेळणी, मुद्राचित्रे, मातीच्या वस्तू करायच्या आणि लोकांना विकायच्या. मुंबईला पदवीसाठी १९८१ पर्यंत थांबावे लागले, तोवर जे. जे. चा विद्यार्थी पदविका घेऊनच बाहेर पडत असे.

अशाच एका पदविकाधारकाचे उदाहरण प्रभाकर बरवे यांचे. अलिबागजवळच्या नागावचा हा तरुण १९५९ मध्ये जे. जे. तून उत्तीर्ण झाला आणि १९६१ मध्ये वाराणसीच्या विणकर सेवा केंद्रात रुजू झाला. कापडासाठी नमुने काढायचे, विणकराच्या मागावर ते कसे उतरतील हे पाहायचे, हे तिथले काम. त्याच शहरात तांत्रिक प्रतीकांशी त्यांची ओळख झाली आणि ती त्यांच्या चित्रांत शिरली. १९६५ नंतर ते मुंबईच्या केंद्रात आले आणि नोकरी सांभाळत चित्रे काढत राहिले. पाने, घड्याळे, फळे, टोप्या, मोकळ्या पार्श्वभूमीवर एकेकट्या तरंगणाऱ्या. त्यासाठी त्यांनी कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरले. आपल्या चित्रविचाराचे पुस्तक, ‘कोरा कॅनव्हास’, त्यांनी १९९० मध्ये मराठीत प्रसिद्ध केले.