न झालेल्या मृत्यूंची नोंद : फॉर्म्युला वनमधील ‘हेलो’चा इतिहास

१/ २९ नोव्हेंबर २०२०, बहरीन. शर्यतीच्या पहिल्याच फेरीत रोमां ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किमी वेगाने पोलादी कठड्यात घुसली, दुभंगली आणि पेटली. सुमारे २७ सेकंदांनी ग्रोजाँ ज्वाळांतून स्वतः बाहेर पडला. कठडा फाटला, पण त्याचे डोके शाबूत राहिले, कारण मध्ये टायटॅनियमची एक कमान होती. तिचे नाव ‘हेलो’, म्हणजे प्रभावळ. २०१७ मध्ये ती सक्तीची करण्याचा निर्णय झाला, तेव्हा याच ग्रोजाँने तिला उघड विरोध केला होता. हा धागा त्या कमानीविषयी आणि त्या विरोधाविषयी.

२/ १९५० मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली, तेव्हा कापडी टोपी घालून शर्यत करणारे चालक होते. कठीण कवचाचे हेल्मेट सक्तीचे झाले १९५२ मध्ये. चाके उघडी आणि चालकाचे डोकेही उघड्यावर, हीच या गाड्यांची ओळख होती. धोकाही नेमका तिथेच होता.

३/ १९७७, क्यालामी : धावपट्टी ओलांडणाऱ्या स्वयंसेवकाला टॉम प्राइसच्या गाडीची धडक बसली. त्याच्या हातातील अग्निशामक नळकांडे प्राइसच्या डोक्यावर आदळले. दोघेही गेले. १९९४, इमोला : सस्पेन्शनचा तुटलेला भाग आयर्टन सेन्नाच्या हेल्मेटमध्ये घुसला. पुढे १९९६ मध्ये कॉकपिटच्या कडा उंच झाल्या, २००३ मध्ये मानेला आधार देणारे ‘हान्स’ सक्तीचे झाले. मात्र समोरून येणाऱ्या वस्तूवर अजून उपाय नव्हता.

४/ जुलै २००९. ब्रँड्स हॅच येथे फॉर्म्युला टू शर्यतीत दुसऱ्या गाडीचे निखळलेले चाक डोक्यावर आदळून १८ वर्षांचा हेन्री सर्टीस गेला. तो १९६४ चे विश्वविजेते जॉन सर्टीस यांचा मुलगा. सहाच दिवसांनी हंगेरीत पुढच्या गाडीतून उडालेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर बसली. तो वाचला, पण त्याचा उरलेला हंगाम बुडाला.

५/ मग प्रयोग सुरू झाले. २० किलोचे चाक ताशी २२५ किमी वेगाने पारदर्शक पडद्यावर आणि लढाऊ विमानाच्या छत्रीवर फेकून पाहिले गेले. पण प्रश्न नुसत्या मजबुतीचा नव्हता. छत बंद केले, तर पेटलेल्या गाडीतून चालक निघणार कसा? पडदा लावला, तर धूळ, तेल आणि पाणी यांतून दिसणार कसे?

६/ येथे एक गैरसमज दूर करू. ‘ज्यूल बियांकीच्या मृत्यूमुळे हेलो आला’ असे सर्रास लिहिले जाते. २०१४ मध्ये सुझुका येथे त्याची गाडी अपघातग्रस्त वाहन उचलणाऱ्या क्रेनवर आदळली. चौकशी समितीचा निष्कर्ष वेगळाच होता : ७०० किलोची गाडी ताशी १२६ किमी वेगाने ६,५०० किलोच्या यंत्रावर आदळते, तेव्हा बंद कॉकपिटही उपयोगी पडत नाही. हेलोचे खरे पूर्वज सर्टीस आणि जस्टिन विल्सन. २०१५ मध्ये पोकोनो येथील इंडीकार शर्यतीत दुसऱ्या गाडीच्या नाकाचा तुकडा लागून विल्सन गेला.

७/ मार्च २०१६ मध्ये बार्सिलोना येथे किमी रायकोनेनने हेलो लावून गाडी चालवली. पारदर्शक ‘शील्ड’ही तपासली गेली, पण २०१७ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे सेबास्टियन फेटेलला तिच्यामुळे गरगरले. त्याच जुलैत जागतिक संघटना ‘एफआयए’ने २०१८ पासून हेलो सक्तीचा केला. ४० प्रत्यक्ष अपघातांच्या अभ्यासानुसार वाचण्याची शक्यता सैद्धांतिकदृष्ट्या १७ टक्क्यांनी वाढत होती.

८/ विरोध मोठा होता. कमान कुरूप आहे, खेळाचा आत्मा हरवेल, धोका पत्करणे हाच चालकाचा धर्म आहे, असे युक्तिवाद झाले. १९७६ मध्ये न्यूरबर्गरिंगच्या आगीतून वाचलेले निकी लाउडाही विरोधात होते. ही माणसे अज्ञानी नव्हती, जोखमीचे मोल त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते. म्हणूनच हा विरोध केवळ हसण्यावारी नेता येत नाही.

९/ सुमारे ७ किलोच्या या कमानीला बाजूने १२५ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ पावणेतेरा टन वजनाएवढा भार सोसावा लागतो. ऑगस्ट २०१८, स्पा : फर्नांडो अलोन्सोची गाडी शार्ल लक्लेरच्या हेलोवरून उडत गेली. बियांकी हा लक्लेरचा धर्मपिता. ‘हेलोने प्राण वाचवले’ असे जगाने म्हटले. एफआयएचा निष्कर्ष मात्र सावध होता : चाक हेल्मेटला लागले नसते, पंखाची कड कदाचित व्हायझरला लागली असती, नेमके सांगणे अवघड.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो. झालेल्या मृत्यूला तारीख असते, चौकशी अहवाल असतो, स्मारक असते. न झालेल्या मृत्यूचा कागद कोणत्याच दप्तरात सापडत नाही. म्हणून सुरक्षेचा कोणताही उपाय आधी अनावश्यक वाटतो आणि कालांतराने कुणाच्या लक्षातही येत नाही. ग्रोजाँचे वेगळेपण असे की नोंदीची ही पोकळी त्याने स्वतः भरली. भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधलेल्या अवस्थेत, रुग्णालयातून, त्याने आपले पूर्वीचे मत चुकले होते हे जाहीरपणे सांगितले.

११/ २०२१ मध्ये मॉन्झा येथे मॅक्स व्हेर्स्टापनच्या गाडीचे चाक लुईस हॅमिल्टनच्या डोक्यावर आले. २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोन येथे झोऊ ग्वानयूची गाडी उलटी घसरत गेली आणि तिची मागची संरक्षक कमान तुटली. दोन्ही चालक वाचले. आज ती प्रभावळ कुरूप आहे की सुंदर, हा वाद फारसा कानी पडत नाही.

(समाप्त)