चॉन्सी स्ट्रीटवरील शेजार

‘द हनीमूनर्स’ ही अमेरिकन दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका स्वतंत्र रूपानें एक वर्षहि जगली नाहीं. १ ऑक्टोबर १९५५ रोजीं सी. बी. एस. वाहिनीवर तिचा पहिला भाग लागला, २२ सप्टेंबर १९५६ रोजीं शेवटचा. भाग अवघे ३९. तरी तिचें नांव तिकडे अद्यापि आवडीनें घेतलें जातें. ह्या दीर्घ स्मरणाचें श्रेय तिच्यांतील विनोदापेक्षां शेजाराला अधिक आहे, असें आमचें मत आहे.

मालिकेचा प्रमुख नट जॅकी ग्लीसन ह्याचें बालपण ब्रुकलिनमधील चॉन्सी स्ट्रीटवर दारिद्र्यांत गेलें. १९५१ पासून तो आपल्या कार्यक्रमांत एका गरीब जोडप्याचे लहान प्रवेश करीत असे. त्या जोडप्यास पत्ता दिला तो ह्याच रस्त्याचा. राल्फ क्रॅमडेन हा बसचालक, ॲलिस त्याची बायको. वरच्या मजल्यावर एड नॉर्टन, शहराच्या भुयारी गटारांत काम करणारा, व त्याची बायको ट्रिक्सी. प्रेक्षकांस बहुधा एकच खोली दिसते: टेबल, जुनी बर्फाची पेटी, भांडीं धुण्याची जागा, एक खिडकी. टेलिफोन नाहीं. बायका खिडकींतून हांका मारून बोलतात. नॉर्टनला तर हें घर परकें असें वाटतच नाहीं.

पहिल्याच भागांतील प्रसंग पाहावा. दूरचित्रवाणीचा संच एकट्याला परवडत नाहीं, म्हणून दोघे मित्र मिळून तो घेतात. ठेवावयाचा कोणाकडे? राल्फ नाणें उडवितो व अट घालतो कीं, छापा पडल्यास आपण जिंकलों, कांटा पडल्यास नॉर्टन हरला! भोळा नॉर्टन मान्य करतो. संच राल्फकडे येतो खरा, पण त्यामागून अर्धा मालकहि येतो. अंतराळवीराचें शिरस्त्राण घालून तो मुलांचा कार्यक्रम पाहत बसतो आणि राल्फचा जीव मेटाकुटीस येतो. ज्या टंचाईनें दोघांना एकत्र आणलें, तीच भांडणाचें मूळ होते. लेखकांनीं हें ओळखलें, म्हणून ही मैत्री कोठेंहि गुळचट होत नाहीं. राल्फ बायकोवर मूठ उगारतो, हें मात्र आज खुपतें. तो मारीत कधींच नाहीं आणि ॲलिस जागची हलत नाहीं, एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं.

ग्लीसननें मालिका स्वतःच थांबविली. ह्या प्रतीचें लेखन पुढें साधणार नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. एन. बी. सी. वरील पेरी कोमोच्या गायनानें प्रेक्षक ओढले होते, हेंहि विसरतां येत नाहीं. सुदैवानें सारे भाग फिल्मवर टिपलेले होते, व त्यामुळें ते कित्येक दशकें पुनःपुन्हां दाखविले गेले. ग्लीसनला एमी पारितोषिक कधींच मिळालें नाहीं. तें मिळालें नॉर्टन रंगविणाऱ्या आर्ट कार्नीला, शेजाऱ्याला. पैसा मात्र तिसरीकडेच गेला. ॲलिस झालेल्या ऑड्री मेडोज हिच्या वकील भावानें पुनःप्रक्षेपणाच्या मोबदल्याचें कलम तिच्या करारांत घालून घेतलें होतें. कार्नीच्या करारांत तें नव्हतें.