लॉगरमधला ओंडका

दरडप्रवण उतारावर जमीन किती सरकली हे मोजताना हातात धरतात त्या डेटा लॉगरच्या नावात लाकडाचा ओंडका दडला आहे. इंग्रजीत ‘लॉग’ म्हणजे ओंडकाच. दोराला लाकूड बांधून ते पाण्यात टाकायचे आणि जहाजाचा वेग मोजायचा, ही युक्ती विल्यम बॉर्न यांच्या १५७४ च्या नौकानयनावरील पुस्तकात आहे. पुढे या लाकडाची पाव वर्तुळाची फळी झाली. गोल कडेला शिसे असल्याने ती पाण्यात उभी राहून जवळपास जागीच अडे. दोराला ४७ फूट ३ इंचांवर एकेक गाठ. २८ सेकंदांचे वाळूचे घड्याळ रिकामे होईतो जितक्या गाठी हातातून सुटल्या, तितके नॉट. हा आकडा खडूने पाटीवर लिहीत आणि पाटीवरून वहीत उतरवीत. तीच लॉगबुक.

या व्युत्पत्तीला एक प्रतिस्पर्धी आहे. ‘लॉग’ हा अरबी ‘लौह’, म्हणजे लिहिण्याची पाटी, यावरून आला असे काहींनी सुचवले. जहाजावर खरोखरच पाटी होती, त्यामुळे मोह होतो. पण शब्द पाटीवरून आला असता, तर नोंदीचा अर्थ आधी दिसायला हवा होता. दिसते उलटे: पाण्यात टाकायचे लाकूड सोळाव्या शतकात, वही सतराव्यात. त्यामुळे अरबी पाटी बाद.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जमीन मोजणाऱ्यांनी हा शब्द समुद्रावरून नव्हे, विहिरी खोदणाऱ्यांकडून घेतला, असे कुणी म्हणेल. ते मान्य. पण खोदणाऱ्याचा ‘लॉग’ तरी कुठला? कोणत्या खोलीवर काय लागले याची ती रोजनोंद. नाव जहाजाच्या वहीचेच. १९२७ मध्ये अल्सासमधील पेशलब्रॉन येथे श्लुंबर्जे बंधूंच्या चमूने तेलविहिरीत विद्युत उपकरण सोडले आणि मीटरमीटरला थांबून वाचने घेतली. दोर, ठरलेले अंतर, आकडा: पद्धत तीच.

उतारावरचा कल मोजणारा इन्क्लिनोमीटर याच घराण्यातला. १९५२ मध्ये हार्वर्डला स्टॅन्ली विल्सन यांनी त्याचा आद्य नमुना बनवला. उतारात पाडलेल्या भोकात खाचांची नळी बसवतात, तिचा तळ न हलणाऱ्या खडकात रोवतात. चाकांचा प्रोब तळाशी सोडून वर ओढताना केबलवरच्या खुणांप्रमाणे दर अर्ध्या मीटरला थांबायचे आणि नळीचा कल नोंदवायचा. मग प्रोब १८० अंशांत फिरवून पुन्हा तेच. प्रत्येक खोलीवरच्या दोन वाचनांची बेरीज जवळपास स्थिर राहायला हवी. पूर्वी हे आकडे भोकापाशी कागदावर लिहीत, आणि चूक कचेरीत परतल्यावर कळे. लॉगर ती बेरीज जागेवरच तपासतो, तेव्हा प्रोब अजून हाताशी असतो. माझ्या मते हातातल्या लॉगरची खरी कमाई हीच, स्मरणशक्ती दुय्यम.

फळी पाण्यात वाहून गेली तर नाविकाचा वेग चुके. नळीचा तळ सरकत्या मातीतच राहिला, तर लॉगरमधला आकडाही तितकाच चुकतो.