‘बूट पॉलिश’मधली मुलं कुणाची?

उपेक्षित मुलांवरच्या चित्रपटांचा इतिहास पाहताना १९५४ सालचा ‘बूट पॉलिश’ टाळून पुढं जाता येत नाही. निर्माते राज कपूर, दिग्दर्शक प्रकाश अरोरा. पोरक्या भोला-बेलूला कमलाचाची मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागायला लावते. जॉनचाचा मात्र कष्टाची भाकर खायला शिकवतात.

यातली बेलू, म्हणजे बेबी नाझ, मूळची सलमा बेग. भोला झालेला रतनकुमार मूळचा सय्यद नझीर अली. ख्रिस्ती जॉनचाचा रंगवणारे डेव्हिड अब्राहम चेऊलकर बेने इस्रायली ज्यू. त्यांचं आडनाव आपल्या रायगडातल्या चौलवरून आलेलं. नाझच्या अभिनयाची १९५५ मध्ये कान महोत्सवानं खास दखल घेतली. पुढं १९८८ च्या ‘सलाम बॉम्बे’त शफीक सय्यद ‘कृष्णा’ झाला आणि त्यानं राष्ट्रीय पुरस्कार मिळवला.

भुकेला धर्म नसतो आणि कलावंतानं कुणाचीही भूमिका करावी, हे मान्यच. पण या चित्रपटांत आपल्या मुलांचे चेहरे पडद्यावर आले. त्यांची नावं, घरं, बोली बाहेरच राहिली. जासई-पनवेलकडच्या एखाद्या सलमाला रंगमंचावर ‘सलमा’ म्हणूनच उभं राहता यावं, अशी नाटकं लिहिणं ही आता आपली जबाबदारी आहे.