फळीखालचा पत्रव्यवहार

आपल्याकडे ज्या वाड्यांतून जुनी दफ्तरे निघाली, त्या वाड्यांतील माणसांनी ती इतिहासासाठी राखली होती असे मानणे हा त्यांच्यावर केलेला फाजील उपकार होईल. उद्या एखादा भाऊबंद वतनाचा दावा घेऊन उभा राहिला तर महजर आणि सनद हाताशी असावी, एवढाच त्या जतनामागचा हिशेब होता, आणि ज्या कागदाने हातभर जमीनही सिद्ध होत नव्हती तो कागद, मग त्यात सासरी गेलेल्या लेकीचे क्षेमकुशल असो की परमुलखी गेलेल्या मुलाची ख्यालीखुशाली असो, यथावकाश वाण्याच्या पुड्यांत नाहीतर बंबात गेला. म्हणूनच, ज्यांच्यावर कोणताही हक्क सांगता येणार नव्हता, उलट ज्यांच्या सापडण्याने नवे संकट तेवढे ओढवले असते, अशी निव्वळ खासगी पत्रे दोन माणसांनी आठ वर्षे एकेक करून राखली, ही हकीकत वाचताना पहिले कुतूहल वाटते ते पत्रांतील प्रेमाचे नव्हे, तर त्या राखण्याचे.

२००७ साली मॉस्कोतील ‘मेमोरियल’ या संस्थेकडे, म्हणजे स्टालिनच्या काळातील दडपशाहीची कागदपत्रे गोळा करणाऱ्या संस्थेकडे, तीन जुन्या पेट्या आल्या. त्यांत लेव मिश्चेंको आणि स्वेतलाना इवानोवा यांनी १९४६ ते १९५४ या काळात एकमेकांना लिहिलेली १,२४६ पत्रे होती. ६४७ त्याची आणि ५९९ तिची. सोव्हिएट श्रमछावण्यांतून परतलेल्या कैद्यांनी आठवणी पुष्कळ लिहिल्या आहेत. परंतु आठवण लिहिणाऱ्याला आपण सुटलो हे ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे त्याच्या प्रत्येक वाक्यात नकळत उतरते. पत्र लिहिणाऱ्याला पुढच्या मंगळवारचीही खात्री नसते. छावणी चालू असताना, छावणीच्या आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी अखंड चाललेला एवढा मोठा पत्रव्यवहार क्वचितच हाती लागतो. ऑर्लँडो फायजेस या इंग्रज इतिहासकाराने २०१२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

दोघांचा जन्म १९१७ चा, म्हणजे क्रांतीच्या सालचा. १९३५ मध्ये मॉस्को विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात त्यांची ओळख झाली. पुढे लेव लेबेदेव संस्थेत विश्वकिरणांच्या संशोधनात गुंतला असताना जून १९४१ मध्ये जर्मनीने आक्रमण केले, तो सैन्यात दाखल झाला, आणि त्याच शरदात शत्रूच्या हाती सापडला. त्या युद्धात सोव्हिएट शिपायांची पत्रे पाकिटाविना, कागदाचीच त्रिकोणी घडी घालून येत. घराघरांतून त्या त्रिकोणाची वाट पाहिली जाई आणि सरकारी पाकिटाची धास्ती असे. स्वेतलानाच्या वाट्याला दोहोंपैकी काहीच आले नाही. लेवने जर्मनांसाठी हेरगिरी करण्यास नकार दिला, पळून जाण्याचा प्रयत्न केला, पकडला गेला, बुखेनवाल्डला पोहोचला आणि १९४५ च्या वसंतात अमेरिकन सैन्याच्या आश्रयाला आला. पदार्थविज्ञ म्हणून अमेरिकेस येण्याचे आमंत्रण त्याला होते. ते नाकारून तो स्वदेशी परतला. आणि जर्मनांकडे दुभाष्याचे काम केले, एवढ्या आधारावर लष्करी न्यायासनाने त्यास देशद्रोही ठरवून देहदंड फर्मावला, व तो लगोलग दहा वर्षांच्या सक्तमजुरीत बदलला. शरण जाणारास गद्दार मानण्याचा हुकूम १९४१ च्या ऑगस्टातच सुटलेला होता. तेव्हा न्यायाधीशांनी स्वतःच्या बुद्धीने काही केले असेही म्हणवत नाही.

१९४६ च्या मार्चात तो पेचोराला आला. मॉस्कोपासून फार दूर, उत्तर ध्रुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस, त्याच नावाच्या नदीकाठी हे ठिकाण आहे. व्होर्कुटाचा कोळसा दक्षिणेकडे आणणारा लोहमार्ग कैद्यांच्याच श्रमांवर उभा राहिला होता, आणि त्याला लागणारे लाकूड चिरण्याचा कारखाना पेचोराला होता. प्रथम ओंडके ओढणे आणि पुढे, एका जाणत्या कैद्याच्या शब्दामुळे, कारखान्याच्या वीजघरात काम, अशी लेवची सोय लागली. वीजघर उबदार असे, आणि त्या अक्षांशावर उबेची जागा मिळणे म्हणजे आयुष्याची मुदत वाढणे होय. तेथून त्याने मॉस्कोतील एका नातलग बाईला भीतभीत लिहिले, की स्वेतलाना आहे का? १९४६ च्या जुलैमध्ये स्वेतलानाचेच उत्तर निघाले. पाच वर्षे तिला तो जिवंत आहे की नाही हेही कळलेले नव्हते.

यानंतर पत्रांवर क्रमांक पडू लागले. हे क्रमांक मला त्या साऱ्या संग्रहातील सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. कारण सतरा क्रमांकाचे पत्र येऊन पोहोचले आणि सोळाचे नाही, म्हणजे सोळाचे कोणी तरी अडविले, हे त्यामुळे उभयतांस कळे, आणि सावकाराने खतावणी ठेवावी तशा काटेकोरपणे ही दोन शास्त्राभ्यासी माणसे आपल्या विरहाचा जमाखर्च मांडीत. सरकारी टपालाने जाणारे पत्र तपासनिसाच्या नजरेखालून जाई. म्हणून पुष्कळ पत्रे दुसऱ्याच वाटेने गेली. कारखान्यात कैद्यांच्या जोडीला पगारी कामगारही होते, त्यांतील कित्येक स्वतः शिक्षा भोगून तेथेच राहिलेले; ते संध्याकाळी फाटकाबाहेर पडताना कपड्यांत कागद दडवून नेत आणि मॉस्कोहून आलेला कागद तसाच आत आणीत.

तरीही सावधगिरी सुटली नाही. पत्रांत एक खासगी परिभाषा तयार झाली. गृहखात्याचे अधिकारी ‘काका’ झाले, आणि लाच द्यायला लागणारा पैसा ‘ड जीवनसत्त्व’, कारण पैशाला असलेला रशियन शब्द त्याच अक्षराने सुरू होतो. काकांची प्रकृती आणि जीवनसत्त्वाची टंचाई यांविषयी वाचणाऱ्या तपासनिसास हे कुटुंब फारच रोगट वाटले असेल! आलेली पत्रे लेव बराकीच्या जमिनीच्या फळ्यांखाली लपवी, आणि झडतीत ती जाऊ नयेत म्हणून गठ्ठे करून, जशी आली तशाच चोरवाटेने, परत मॉस्कोला स्वेतलानाकडे पाठवी. म्हणजे तिची बहुतेक पत्रे उत्तरेला एकदा गेली आणि दक्षिणेला एकदा आली, व दोन्ही खेपांना कोणीतरी त्यांच्यापायी शिक्षेचा धोका पत्करला. त्या वाहकांखेरीज हा संग्रह संभवतच नव्हता.

स्वेतलाना रबराच्या संशोधनसंस्थेत कामाला होती. १९४७ च्या शरदात कामानिमित्त निघालेल्या दौऱ्याला जोडून, वरिष्ठाने केलेल्या काणाडोळ्याच्या बळावर, ती परवान्याविना पेचोराला गेली आणि छावणीच्या कुंपणाआत शिरून लेवला भेटली. तेथून कैदी बाहेर पडावयास धडपडत. आत शिरण्यासाठी धडपडणाऱ्यांची गणती कोणत्या खात्याने ठेवावी?

या आठ वर्षांत जग उलटेपालटे झाले. हिंदुस्थान स्वतंत्र झाला, बर्लिनची नाकेबंदी झाली आणि उठली, आणि १९४९ च्या ऑगस्टात सोव्हिएट संघाने आपला पहिला अणुस्फोट केला. ज्याला अमेरिका बोलावीत होती तो पदार्थविज्ञ त्या सुमारास लाकूडकारखान्याच्या वीजघरात पाळी सांभाळीत होता. पत्रांत महायुद्धोत्तर राजकारण शोधू पाहणारास निराश व्हावे लागेल. त्यात पार्सले आहेत, पुस्तके आहेत, थंडी आहे, आणि पुढचे पत्र केव्हा, हा प्रश्न आहे. पण शीतयुद्धाच्या दप्तरांत राजदूतांचे खलिते रगड सापडतात. बराकीत दिवा किती वाजता मालवतात हे त्यांत लिहिलेले नसते.

मार्च १९५३ मध्ये स्टालिन मेला. महिनाअखेर जाहीर झालेल्या माफीने दहा लाखांहून अधिक कैदी सुटले, परंतु ती मुख्यतः पाच वर्षांपर्यंतच्या शिक्षेवाल्यांना होती. लेव तीत बसला नाही. तो जुलै १९५४ मध्ये सुटला, तरी मॉस्कोत राहण्याची मुभा त्याला तत्काळ नव्हती. १९५५ मध्ये त्यांचा विवाह झाला, ओळखीला वीस वर्षे झाल्यानंतर.

२००८ मध्ये फायजेस त्यांना भेटले, तेव्हा दोघेही नव्वदी ओलांडलेले होते. त्याच वर्षी लेवचे आणि २०१० मध्ये स्वेतलानाचे निधन झाले. ‘मेमोरियल’ संस्था २०२१ च्या डिसेंबरात रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बरखास्त करविली, आणि पुढच्याच वर्षी तिला शांततेच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पत्रे मात्र तोवर नकलून, वाचून, छापून झाली होती; आता ती लपविण्यासाठी कोणाला फळी उचकटावी लागणार नव्हती, आणि ‘काका’ म्हणजे कोण, हेही जगजाहीर झाले होते.